जन्माचा रकाना

उंची २९७ मिलिमीटर, रुंदी २१०. अंगाने इतका बारीक की पंखा सुरू झाला की टेबलावरून उठून चालायला लागतो. चेहरा म्हणजे चौकटीच चौकटी. स्वभाव चौकस, पण स्वतःचं मत म्हणून अवाक्षर काढत नाही. नाव काय, करता काय, ताकद किती, शहाणपण किती, पिशवीत दोर आहे का, असला तर किती हात, असं एकेक विचारतो आणि उत्तराची वाट बघत पडून राहतो. मी तीनशे वर्षांची आहे, माझे कान टोकदार आहेत आणि मला विजा पाडता येतात, असं कोणी सांगितलं तरी त्याची भुवई वर जात नाही. त्याचा पुढचा प्रश्न तयार असतो: बरं, दिवसाला किती विजा? बेरीज चुकली तर मात्र पठ्ठ्या तिथेच अडून बसतो.

याचं नाव कॅरेक्टर शीट. टेबलाभोवती चार-पाच जण बसून जे रोलप्लेइंग गेम खेळतात, त्यातला हा दफ्तरदार. खेळ समजायला सोपा आहे. एक जण गेम मास्टर. तो परिस्थिती सांगतो: रात्र आहे, नदीला पूर आहे, पलीकडच्या काठावर मशाली दिसतायत. बाकीचे आपापल्या पात्रातर्फे बोलतात. मी पोहत जातो. मी झाडावर चढून बघते. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यात कागदावरचा आकडा मिळवायचा. पट असलाच पाहिजे असं नाही, सोंगट्याही लागतातच असं नाही. हा कागद मात्र हवा. पात्राचा जीव, जमीनजुमला आणि अब्रू, सगळं त्याच्याकडे जमा असतं.

माझी त्याच्याशी ओळख झाली सियालदहला. महाराष्ट्रातून कोलकात्याला जाणारा माणूस बहुतेक वेळा हावड्याला उतरतो. आपल्याकडच्या गाड्या तिकडे जातात. सियालदह हे बंगालच्या आतल्या माणसांचं स्टेशन. बनगाँव, राणाघाट, कृष्णनगर, कॅनिंग, डायमंड हार्बर इथून लोकल भरून येतात, माणसं ओतून रिकाम्या होतात आणि लगेच पुन्हा भरतात. बाहेर कोले मार्केटमध्ये भाजीचा घाऊक बाजार, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल, झालमुडीवाले, लिंबू-चहावाले. उड्डाणपुलाखालून रस्ता ओलांडला की पश्चिमेला बैठकखाना बाजार लागतो. तो कागदाचा बाजार. गल्लीच्या दोन्ही अंगांना रिमांच्या थप्प्या, मध्येच कागद कापायची यंत्रं, लग्नपत्रिकांचे नमुने, वह्या, फायली, आणि पोइला बोइशाखच्या, म्हणजे बंगाली नववर्षाच्या सुमाराला लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांचे ढीग. तिथल्या एका दुकानाच्या वर, पोटमाळ्याहून थोडी मोठी म्हणता येईल अशा खोलीत, आमचा अड्डा. दुकानदाराचा मुलगा खेळणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे कागदाला तोटा नाही.

पण कुठला कागद, यावर त्याचं ठाम मत. मी पहिल्यांदा सत्तर जीएसएमच्या कागदावर छापून घ्यायला निघालो तेव्हा त्याने माझ्या हातातून रीम काढून घेतली. "दादा, यावर पत्र लिहा. यावर माणूस लिहू नका. तीनदा खोडलंत की फुगतो, चौथ्यांदा भोक पडतं." त्याने शंभर जीएसएमचा काढून दिला आणि त्याच्या म्हणण्याचा अर्थ पुढे आपोआप कळला. कारण या कागदाचं आयुष्य पेन्सिल आणि रबर यांच्यामध्ये जातं. जुनं, मुरलेलं शीट हातात घेतलं की आकड्यांआधी ते लक्षात येतं. नावाचा रकाना गुळगुळीत, तिथे कोणी परत फिरकलेलं नसतं. हिट पॉइंट्सचा रकाना, म्हणजे पात्रात जीव किती उरलाय तो, रबराने घासून केसाळ झालेला. उजेडासमोर धरला तर तेवढाच चौकोन आरपार दिसतो. पैशांच्या रकान्यात एकावर एक खोडलेल्या रकमांचे पुसट थर. चौदाच्या खाली दहा वाचता येतात, दहाच्या खाली चाळीस. मागच्या बाजूला वेड्यावाकड्या नोंदी: पुजाऱ्यावर विश्वास ठेवू नये, नावाड्याचे पैसे द्यायचे राहिलेत. पात्र कोण आहे ते पुढच्या पानावर असतं, पात्राचं काय झालं ते मागच्या.

याचं कूळ अमेरिकेतलं. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ विक्रीला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. खोक्यात छापील शीट नव्हतं, लोक वहीच्या पानावर लिहून घेत. पण या कागदाचा कणा असलेले सहा आकडे तेव्हाचेच आहेत: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि माणसावर पडणारी छाप. सहा बाजूंचे तीन फासे एकत्र टाकायचे, बेरीज लिहायची, असं सहा वेळा, आणि तेही क्रमाने. ३ ते १८ मधलं जे पडेल ते पाचवीला पुजलेलं. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. गंमत म्हणजे त्या पुस्तिकेप्रमाणे हे फासे खेळणाऱ्याने टाकायचेच नव्हते, खेळ चालवणाऱ्याने टाकायचे. तुम्ही फक्त निकाल ऐकायचा आणि सहा आकड्यांच्या त्या माणसाचं आता काय करायचं ते ठरवायचं. पर्याय मोजून तीन: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी आला.

त्याच्या पुढचा रकाना वंशाचा. मानव, बुटका, एल्फ किंवा हॉबिट. आणि इथे हा निर्विकार दिसणारा दफ्तरदार उघडा पडायचा, कारण वंशावर फक्त रूप ठरत नव्हतं, कुवतही ठरत होती. मानवाला कितीही वरच्या पायरीपर्यंत चढायची मोकळीक. बुटका लढवय्या सहाव्या पायरीपर्यंत, हॉबिट चौथीपर्यंत. कितीही राक्षस मारा, कितीही वर्षं खेळा, वर छत. १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत या छतांची सविस्तर कोष्टकं आली आणि त्यात आणखी एक भर पडली: स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा. ड्रॅगन उडतो, मेलेला माणूस मंत्राने उठून बसतो, हे सगळं त्या खेळात चालत होतं. बाईने पुरुषाएवढं वजन उचलणं तेवढं वास्तवाला धरून नव्हतं.

आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडाट्याशी ज्याचा परिचय आहे त्याला हा कागद परका वाटणार नाही. वर गणपतीचं चित्र, त्याखाली जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, कूळ. गणाच्या रकान्यात देव, मनुष्य आणि राक्षस असे तीन पर्याय असतात आणि तिशीची सुशिक्षित मुलं त्यात निमूटपणे 'राक्षस' भरतात. मुलगी डॉक्टर आहे ही माहिती बरीच खाली, उंचीच्या आणि रंगाच्या नंतर येते. सत्तरच्या दशकातलं कॅरेक्टर शीट याच घराण्यातलं होतं. आधी जन्म, मग बाकीचं काय असेल ते.

कर्त्यांकडे त्याला कारण होतं, नाही असं नाही. एल्फला अंधारात दिसतं, बुटक्याला विष सहज चढत नाही. मग साधा माणूस कोण घेणार? सगळं जग माणसांनी भरलेलं दाखवायचं होतं, म्हणून इतरांच्या डोक्यावर छत घातलं. हिशेब म्हणून पटण्यासारखं आहे. पण छत हिशेबासाठी घातलंय हे खाली उभ्या असलेल्याला कळत नाही. त्याला फक्त डोकं आपटल्याचं कळतं.

मग पन्नास वर्षांत या दफ्तरदाराची एकेक सवय मोडली गेली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्त्रियांच्या ताकदीची मर्यादा गेली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वंशाची छतं गेली. बुटका जादूगारसुद्धा होऊ लागला आणि वीस पायऱ्या चढू लागला. २०२० मध्ये आलेल्या एका पुरवणी पुस्तकाने सांगितलं की वंशामुळे मिळणारे जादा गुण कुठल्या आकड्यात घालायचे ते खेळणाऱ्याने ठरवावं. २०२४ च्या नव्या पुस्तकाने तर ते जादा गुण वंशाकडून काढूनच घेतले आणि पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. खेळ सुरू होण्याआधी तू काय करत होतास? शेती, खलाशीपणा, लेखनिकी, पहारा, व्यापार? जे करत होतास त्याने तुझे हात, तुझं डोकं घडलं असेल, त्याप्रमाणे गुण घे. जन्माच्या जागी काम आलं. या यादीत 'उमराव' हाही एक पर्याय आहे, हे मात्र बघण्यासारखं. पुढच्या दाराने घालवलेला जन्म मागच्या दाराने येऊन खुर्चीत बसलाच.

त्याचे भाऊबंद आणखी तऱ्हेवाईक. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या खेळात तुमचं पात्र आधी नोकरी करतं, चार-चार वर्षांच्या मुदतींनी. प्रत्येक मुदतीला कौशल्य वाढतं, वयही वाढतं, आणि प्रत्येक वेळी जगलं की नाही याचा फासा टाकावा लागतो. लोभाने आणखी एक मुदत घ्यावी आणि पात्र खेळ सुरू होण्याआधीच दगावावं, असा प्रकार त्या नियमांत सर्रास घडायचा. १९८६ च्या 'गर्प्स'मध्ये सगळी खरेदीच असते. ठरावीक पॉइंट हातात, गुण विकत घ्यायचे. आणि पॉइंट कमी पडले तर अवगुण पत्करायचे, त्याचे पॉइंट उलट मिळतात. एक डोळा अधू घ्या, भित्रेपणा घ्या, कोणी तरी जन्माचा वैरी घ्या, आणि त्या पैशांतून तलवारबाजी वाढवा. माणसाचे दोष त्याच्या गुणांचा खर्च भागवतात हे कादंबरीकार फार आधीपासून सांगत आले होते, या कागदाने त्याचा दर ठरवून दिला.

खरेदीची ही पद्धत आता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्येही रुळली आहे. फासे टाकायचे नसतील तर २७ पॉइंट घ्या. ८ हा आकडा फुकट मिळतो. १३ ला पाच पॉइंट, १४ ला सात, १५ ला नऊ. सगळ्यांना सारखे पॉइंट, सगळ्यांना एकच दर. दैवाचा आणि जन्माचा काच सुटला म्हणून मला ही पद्धत आवडते आणि त्याच कारणासाठी तिची भीतीही वाटते. कारण दरपत्रक समोर आलं की माणूस गिऱ्हाईक होतो. चार खेळाडू एकत्र आले की पात्राबद्दल न बोलता 'बिल्ड'बद्दल बोलायला लागतात: कुठल्या पायरीला कुठलं कौशल्य घेतलं की कुठल्या शस्त्राला किती जोड मिळते, छाप आठवर ठेवली तर काय बिघडतं, बोलायला दुसरं कोणी आहेच. याला 'मिन-मॅक्स' म्हणतात. जे लागत नाही ते तळाला, जे लागतं ते टोकाला. आमच्या टेबलावर असा एक धनुर्धर होऊन गेला. त्याचा बाण कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं नावही आठवत नाही. कागदाला यात काही वावगं दिसलं नाही. बेरीज बरोबर होती.

इथे या कागदाच्या स्वभावातली खरी उणीव दिसते. जे मोजता येतं तेवढंच त्याला ऐकू येतं. पर्याय वाढवले म्हणून ते दुरुस्त होत नाही. शंभर पर्यायांचा कागद तीन पर्यायांच्या कागदापेक्षा जास्त गोष्टी मोजतो, एवढाच फरक. त्याला काय विचारायचं आणि कुठल्या क्रमाने विचारायचं हे आपण ठरवायचं असतं. आम्ही ते ठरवायला बसलो, कारण माश्टरमोशायांना तयार खेळाचा कंटाळा आला होता.

माश्टरमोशाय म्हणजे आमचे गेम मास्टर. शाळेत इतिहास शिकवतात, त्यामुळे त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणं कोणाला सुचलंच नाही. त्यांना खेळ इथेच, याच रस्त्यांवर हवा होता. कोणी तरी सुचवलं की मग १९५० चं सियालदह घेऊ. फाळणीनंतर पूर्व बंगालातून निघालेली माणसं याच स्टेशनावर उतरली आणि जायला जागा नाही म्हणून फलाटांवर राहिली; निमाई घोष यांनी त्याच वर्षीच्या 'छिन्नमूल' या चित्रपटात ते स्टेशन आणि ते निर्वासित प्रत्यक्ष घेतले आहेत. कल्पना ऐकून खोलीत कोणी बोललं नाही. मग माश्टरमोशाय म्हणाले, "नको. पात्र निवडायला बसताना हसता आलं पाहिजे. त्या फलाटावर कोणाला काही निवडायला मिळालं नव्हतं." विषय तिथे संपला. ज्यांच्या आज्या त्या गाड्यांनी आल्या त्यांच्या देखत हा कागद त्या फलाटावर नेऊ नये, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"त्यापेक्षा १७४२ घेऊ," ते म्हणाले. "वाईट वाटून घ्यायला त्यातलं कोणी उरलेलं नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांनीही बघितलं.

१७४२ हे मराठ्यांच्या स्वारीचं साल. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरले आणि नबाब अलीवर्दी खानाच्या मुलखातून त्यांनी धुमाकूळ घातला. १७५१ च्या तहापर्यंत ते पुनःपुन्हा येत राहिले. गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहून त्यातली जाळपोळ, लूट आणि बायकांवरचे अत्याचार नोंदवून ठेवले. बंगाली आया अजूनही पोरांना निजवताना बोर्ग्यांचं, म्हणजे या मराठा स्वारांचं, नाव घेतात. कोलकात्याच्या रहिवाशांनी त्या वर्षी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला. मराठे काही आले नाहीत, काम अर्धवट राहिलं. पुढे तो बुजवून त्याच्या रेषेवरून सर्क्युलर रोड झाला. सियालदहहून बाहेर पडून आपण जो रस्ता ओलांडतो तो हाच. स्टेशन रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे खंदकाच्या बाहेर, आणि बैठकखाना आत. महाराष्ट्रातून येऊन मी रोज संध्याकाळी हा खंदक बिनविरोध ओलांडत होतो.

"दादा तो बोर्गी!" कागदवाल्याच्या मुलाने निकाल दिला. "दादांचं शीट भरायलाच नको."

मी म्हटलं, मी साताऱ्याकडचा. सनद साताऱ्याची असेल, घोडे नागपूरचे होते. हा बचाव खंदकाच्या आतल्या बाजूला कोणाला पटला नाही. पण माझी खरी हरकत वेगळी होती. पन्नास वर्षं खपून ज्या कागदाची जन्म आधी विचारायची खोड मोडली, त्याच्यासमोर बसून आम्ही पुन्हा जन्मावरून भूमिका वाटत होतो. मी सांगून टाकलं: मी खंदक खणणारा मजूर घेतो. बोर्गी ज्याला हवा त्याने घ्यावा.

"मी घेते," जवळच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी आमच्यातली धाकटी म्हणाली. "मला घोडा पाहिजे."

बंगाली मुलीने मराठा स्वार व्हायचं, हे तिच्या मित्रांना जरा अवघड गेलं. तेव्हा माश्टरमोशायांनी शरदिंदूंचा दाखला काढला. ब्योमकेश बक्षीचा जनक शरदिंदू बंद्योपाध्याय. ब्योमकेशला त्यांनी घर दिलं ते इथून हाकेच्या अंतरावर, हॅरिसन रोडला. ते स्वतः चित्रपटांच्या कामासाठी १९३८ मध्ये मुंबईला गेले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. तिथे बसून त्यांनी बंगाली मुलांसाठी ज्या गोष्टी लिहिल्या त्यांचा नायक शिवाजी महाराजांच्या फौजेतला सदाशिव नावाचा मराठी पोरगा. "बंगाली बाबूने पुण्यात बसून मराठा लिहिला तर कोणाची हरकत नव्हती," माश्टरमोशाय म्हणाले, "मग हिने सियालदहला बसून खेळला तर काय?" या युक्तिवादापुढे सगळे गप्प.

तिचं शीट भरताना पहिला प्रश्न आला तो पर्यायाचाच. मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वाराच्या दोन तऱ्हा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येतो. त्याला मोबदला जास्त, पण घोडा पडला तर घर बुडालं, म्हणून तो जनावर जपून वापरतो. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं. पगार कमी, धोका पत्करायची छाती जास्त, कारण मरणारा घोडा सरकारचा. खेळाच्या भाषेत हाच प्रश्न प्रत्येक पात्राला सुरुवातीला पडतो: तयार सामान घ्यायचं की रोख घेऊन स्वतः खरेदी करायची. गायगॅक्सच्या दोनशे वर्षं आधी नागपूरच्या कारकुनांनी तो रकाना भरला होता. तिने क्षणभर विचार केला आणि बारगीर लिहिलं. "सगळं सरकारी सामान. आमच्या वॉर्डात तरी दुसरं काय असतं?" मग २७ पॉइंटांतले नऊ चपळाईला, सात ताकदीला, आणि शहाणपणात आठ. फुकटातले.

माझ्या मजुराने काटकपणात १५ घेतले, ताकदीत १४, शहाणपणात १३, चपळाईत १२, बुद्धीत १०. शेवटी छाप उरली, तिथे ८. खेळात या आठाने एक उणे मिळतो, फाशावर जे पडेल त्यातून एक वजा. वाटलं, मातीच खणायची आहे, छाप कोणाला पाहिजे? पण खेळाच्या पहिल्याच संध्याकाळी मजुरी थकली आणि मुकादमाला विचारायला कोणी तरी जायला हवं होतं. माझा मजूर गेला. फाशावर दहा पडले, वजा एक, नऊ. मुकादमाने मान वर केली नाही. पुढच्या खेपेला मजूर बोलायच्या आधी आमच्यातल्या एकाने घेतलेल्या विणकराकडे बघू लागला, मग त्याच्यामागे उभा राहू लागला, आणि महिन्याभरात तो न बोलणारा माणूस म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा झाला. काटकपणाच्या पंधराने त्याला जिवंत ठेवलं. माणूस केला तो त्या आठाने. तो आठ मी निवडला होता, म्हणून माझाही त्यावर हक्क होता.

आता शेवटच्या रकान्याबद्दल. शीट आम्हीच मांडलं, त्यामुळे प्रश्नांचा क्रमही आमचा. सगळ्यांत वर 'काम'. मग 'कोणाचं देणं लागता'. मग सहा आकडे, मग 'सोबत काय'. जन्माचा रकाना ठेवायचा की नाही यावर मात्र बराच वेळ वाद झाला. मी म्हणत होतो, काढूनच टाका. विणकर खेळणाऱ्याचं म्हणणं, १७४२ मध्ये जात-धर्म-मुलूख नसल्याचं सोंग आणलं तर तो खेळ परीकथा होईल. दोन्ही बाजूंचं ऐकून माश्टरमोशायांनी तोड काढली. रकाना ठेवायचा, पण अगदी खाली. त्यात वंश लिहायचा नाही, 'लोक काय समजतात' ते लिहायचं. आणि तो आपला आपण भरायचा नाही. शेजारी बसलेल्याने भरायचा, शाईने.

मला हा निर्णय त्या कागदावरच्या आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा मोठा वाटतो. एकाने आधी जन्मातून कुवत काढली, दुसऱ्याने ती सोडवली, तिसऱ्याने जन्म यादीतून उठवून कामाला जागा दिली. पण जन्म माणसाच्या अंगात कधी नव्हताच. तो बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. तेव्हा तो लिहिण्याचं काम बघणाऱ्याचंच. बाकीचं सगळं पेन्सिलीने लिहायचं, बदलायचं, खोडायचं, वाढवायचं. हा एक रकाना आपल्या हातात नाही आणि खोडताही येत नाही, हे त्या कागदाने पहिल्यांदा खरं सांगितलं.

कागद एकेक जागा सरकले. माझा तिच्यापुढे गेला, तिचा माझ्यापुढे आला. तिने माझ्या मजुराच्या खाली बंगालीत लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं: खंदकावरच्या मजुरांपैकी एक, नाव कोणी विचारत नाही. मी तिच्या बारगिराकडे बघत बसलो. माझ्या शाळेच्या इतिहासात बंगालची स्वारी चौथाई वसूल झाली एवढ्यावर आटोपली होती. गंगाराम कोणी वाचायला दिला नव्हता. आणि आता त्या स्वाराच्या कपाळावर काय लिहायचं ते मी लिहायचं होतं, मी, साताऱ्याकडच्या माणसाने, शाईने. पलीकडे बसलेल्यांपैकी कोणीही लिहिलं असतं तर तो त्यांचा राग ठरला असता. मी लिहिलं: लुटारू.

ती वाकून वाचत होती. "अरे, हा तर अवगुण झाला," ती म्हणाली. "माश्टरमोशाय, गर्प्समध्ये अवगुणाचे पॉइंट मिळतात. याचे मला किती?"

"एकही नाही," ते फासे गोळा करत म्हणाले. "पॉइंट निवडल्याचे मिळतात. हा तू निवडलेला नाहीस."